मोर्चा

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरलं की शहर रोज सकाळी एकच गोष्ट विचारतं: आज मोर्चे किती? यशवंत स्टेडियमपासून माणसं निघतात. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, धान-कापूस पिकवणारे शेतकरी. मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर नाहीतर टेकडी रोडवर पोलीस त्यांना अडवतात. विधानभवन तिथून जवळच, पण तिथपर्यंत फक्त शिष्टमंडळ जातं.

मोर्चा हा मूळचा लढाईचा शब्द. फारसी ‘मोरचाल’ म्हणजे खंदक. जुन्या मराठीत किल्ल्याला मोर्चे लागत, म्हणजे आडोसे उभारून तोफा रोखल्या जात. ‘मोर्चेबांधणी’त तो अर्थ अजून शाबूत आहे. नागपुरात हिंदी सर्रास कानावर पडते, आणि हिंदीत सैनिक आजही मोर्च्यावर असतो. रस्त्यानं जातो तो बहुधा जुलूस. मराठीनं मात्र जमिनीत गाडून घेऊन बसलेल्या या शब्दाला पाय दिले. खंदकातल्या माणसापुढे शत्रू असतो. मोर्च्यात चालणाऱ्यापुढे त्याचंच सरकार असतं, आणि हातात निवेदनाचा कागद. 2016 साली तर मराठा समाजानं एकही घोषणा न देता लाखोंचे मूक मोर्चे काढले. युद्धाचा शब्द इतका शांत झालेला पाहून मला आपल्या भाषेचा अभिमान वाटतो.

पण नागपुरातल्या सीताबर्डीला गेलं की मन घुटमळतं. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेनं इथल्या टेकड्यांवरच्या इंग्रजांवर हल्ला केला. ते जुन्या अर्थाचे मोर्चे. त्याच टेकडीच्या पायथ्याशी, झिरो माइलच्या परिसरात, 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारींचा मोर्चा अडवला गेला. गुरं राखणारी ही माणसं. अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला पोराबाळांसह आली होती. यादीत नोंद ‘गोंड गोवारी’ अशी, आणि आम्ही तेच, एवढंच त्यांचं म्हणणं. दिवस कलला तरी निवेदन घ्यायला मंत्री आले नाहीत. मग रेटारेटी झाली, लाठ्या चालल्या, आणि चेंगराचेंगरीत 114 जीव गेले. त्यात बायका आणि लेकरं किती होती! आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचडांनी राजीनामा दिला.

गर्दी मोठी असली की बंदोबस्त लागतो, हे मला मान्य आहे. पण कठड्याअलीकडची माणसं शब्दाचा नवा अर्थ जगत असतात आणि पलीकडे जुनाच ऐकला जातो. तिकडे वेढा दिसतो; इकडे तर सगळे कुणीतरी बाहेर येईल म्हणून वाट बघत असतात. 1953 च्या नागपूर करारानं विदर्भाला शब्द दिला होता की सरकार काही काळ इथे येऊन बसेल. ते येणं भेटीसाठी नसेल, तर कशासाठी?

सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आता गोवारी शहिदांचं नाव आहे. 2018 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. दरवर्षी 23 नोव्हेंबरला स्मारकापाशी गोवारी गावोगावहून येतात, फुलं वाहतात. मागणी तीच आहे.