एका कातड्यावरचं नाव

जयपूरच्या जगतपुऱ्याला लागूनच झालानाचे डोंगर आहेत. जेमतेम वीस चौरस किलोमीटरचं रान, पण बिबटे तिथे शहराला खेटून राहतात. सकाळच्या फेरीतले गाइड त्यांना नावाने ओळखतात. ही ओळख पटते कुशीवरच्या ठिपक्यांवरून: मध्ये पिवळसर, भोवती तुटक काळी कडी. दोन बिबट्यांची नक्षी सारखी नसते, एकाच बिबट्याची डावी कूसही उजवीसारखी नसते. म्हणून योग्य बाजूचा जुना फोटो ताडून पाहिल्यावरच नाव खात्रीचं.

शास्त्रीय नावांना दर वेळी एवढी कसोटी लागली नाही. भारतीय बिबट्याचं 'फुस्का' हे नाव मायरने १७९४ मध्ये दिलं, तेही बंगालच्या एका काळ्या बिबट्यावरून. काळं आणि ठिपकेदार पिल्लू एकाच वेतात जन्मू शकतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने १९३० मध्ये काश्मीरचं एक कातडं आणि एक कवटी पाहून 'मिलार्डी' ही वेगळी उपजात मांडली. कारण काय, तर केस लांब आणि रंग करडा. असं करत करत बिबट्याच्या २७ उपजाती झाल्या. १९९६ मध्ये जनुकं तपासली, तेव्हा आठच टिकल्या. मिलार्डी त्यांत नाही.

तरीही पोकॉकबद्दल मला आदर वाटतो. नाव कशावरून दिलं, हे त्याने लिहून ठेवलं, म्हणून ते तपासता आलं. १९९९ नंतर तर प्राण्याच्या नव्या जातीचा मूळ नमुना कोणता, हे स्पष्ट सांगितल्याशिवाय नाव ग्राह्यच धरत नाहीत.

उलटंही घडतं. आपल्याकडच्या ठिपकेवाल्या पालींना वर्षानुवर्षं सरसकट 'ब्रूकी' म्हटलं गेलं, आणि तपासल्यावर त्या एका नावाखाली अनेक जाती निघाल्या. ज्यांना नावच नव्हतं, त्यांची गणती कोण करणार, त्यांचं रान कोण राखणार?

म्हणून खात्री नसताना नुसतं वंशाचं नाव लिहून पुढे 'एसपी' (म्हणजे जात अनिश्चित) एवढंच टिपणारे अभ्यासक मला फार मोलाचे वाटतात. त्या अपुऱ्या नोंदीपाशी नंतरचा कुणीतरी थांबतो आणि नमुना पुन्हा भिंगाखाली घेतो.