पूर कोपाचा की मायेचा?

आषाढात चंद्रभागा भरून आली, पुंडलिकाच्या देवळाला पाणी लागले, की आपण हात जोडतो. तेच पाणी घरात शिरले की तोंडातून निघते, ‘देव कोपला!’ पाणी तर एकच. मग माया कोणती आणि कोप कोणता? उत्तराची घाई करू नका. आधी आसामातले काझीरंगाचे रान पाहू.

ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण काठचे हे रान. १९०५ साली राखायला घेतले, १९७४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. एकशिंगी गेंड्याचे हे माहेर. २०२२ च्या गणतीत २,६१३ गेंडे भरले. हे रान राखते कोण? पहारेकरी राखतात, त्यांचे कष्ट थोरच. पण त्यांच्याही आधीपासून राखीत आली आहे ती नदी.

पावसाळ्यात ब्रह्मपुत्रा काठ सोडते, आणलेला गाळ रानभर पसरते. तिथल्या उथळ तळ्यांना ‘बील’ म्हणतात. त्यांत माजलेली जलपर्णी पूर लोटून नेतो, नव्या पाण्याबरोबर मासळी येते, आणि पाणी ओसरले की गाळात गवत फोफावते. हत्ती झाकेल एवढे! हिवाळ्यात ते वाळले की वनखात्याची माणसे बेताने जाळतात. ऐकून जीव कळवळतो ना? पण राखेतून थोड्याच दिवसांत कोवळा कोंब येतो, त्यावर गेंडे-हरणे जगतात. पूर नको, आग नको म्हणाल तर हळूहळू झाडे माजतील, कुरण मोडेल, मग गेंड्याने चरावे कुठे?

तरी पुराला नुसते माउली म्हणून मोकळे होता येत नाही. २०१७ साली पुरात या रानातली ३०० हून अधिक जनावरे गेली. याच नदीत, वरच्या अंगाला माजुली बेट आहे. तिथे शंकरदेवांच्या परंपरेची सत्रे. आपल्यासारखेच टाळ, आपल्यासारखेच नामसंकीर्तन. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपात डोंगर कोसळले, नदीचे पात्र गाळाने वर आले आणि तिची काठ खाण्याची भूक वाढली. त्या बेटाची निम्म्याहून अधिक भूमी आजवर गेली. कित्येक सत्रांना जागा सोडावी लागली. त्या वैष्णवांना ‘पूर म्हणजे कृपा’ असे सांगायला माझी तरी जीभ रेटणार नाही. घर वाहून गेलेल्यापुढे आधी भाकरी ठेवावी, वेदान्त मागाहून.

आता जनावरांकडे पाहा. पाणी चढू लागले की ती दक्षिणेला कार्बी आंगलाँगच्या डोंगराकडे निघतात. ही वाट त्यांच्या वाडवडिलांची. मधे हमरस्ता आला तो माणसाचा. वाट मोकळी असली तर पुष्कळ जनावरे पूर सोसून परततात. अडली की तोच पूर काळ होतो. मग कोप नदीचा म्हणायचा, की वाट अडवणाऱ्याचा?

पुराच्या दिवसांत तिथे गाड्यांना वेग आवरायला लावतात. आपल्याकडे दिंडीसाठी एस. टी. थांबते ना, तशी तिथे हरणांच्या कळपासाठी मोटार थांबते. वनखात्याने रानात मातीचे उंचवटेही घातले आहेत. डोंगर गाठता आला नाही ती जनावरे पाणी उतरेपर्यंत तिथे अंगाला अंग लावून उभी असतात.