बुडालेल्यांची चित्रं कुठे आहेत?

सामोथ्रेस बेटावरच्या देवळात नवसाच्या चित्रांची गर्दी होती. वादळातून जीव वाचलेल्या खलाशांनी ती लावली होती. नास्तिक म्हणून बदनाम असलेल्या डायगोरसला एका मित्राने ती दाखवली आणि विचारलं, एवढे लोक वाचले, आता तरी देवाला माणसांची काळजी आहे हे मानशील ना? डायगोरस म्हणाला, बुडाले त्यांची चित्रं कुणी काढलेली दिसत नाहीत. सिसेरोने नोंदवून ठेवलेला हा किस्सा दोन हजार वर्षांहून जुना आहे, आणि त्याचं समाधानकारक उत्तर अजून कुठल्याही धर्माने दिलेलं नाही.

आपल्याकडेही नवस बोलले जातात. बांद्र्याच्या मोतमाउलीपुढे मेणाचे हात-पाय वाहतात, नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतात. बोट सुखरूप परतली की ‘देव तारी त्याला कोण मारी’ हे ठरलेलं वाक्य कुणीतरी बोलतंच. पेढे वाटताना ते शोभतं. पण त्याच बोटीवरचा शेजारचा मुलगा परतला नसेल, तर ते त्याच्या आईच्या कानावर जाऊ नये म्हणून आवाज खाली आणावा लागतो. बरोबर गेलेल्या सोबत्याच्या आईसमोर जे तत्त्वज्ञान मोठ्याने सांगता येत नाही, ते कितपत खरं?

या प्रश्नाची सगळ्यात कठोर परीक्षा ज्यांनी दिली, त्यांत अमेरिकेच्या ‘इंडियानापोलिस’ या क्रूझरवरचे नौसैनिक होते. २६ जुलै १९४५ रोजी या जहाजाने हिरोशिमावर पडायच्या अणुबॉम्बचे भाग टिनियन बेटावर पोचवले. तिथून गुआममार्गे फिलिपिन्समधल्या लेतेकडे जाताना, ३० जुलैच्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात, जपानी पाणबुडी आय-५८चे दोन टॉर्पेडो त्याला लागले आणि जहाज सुमारे बारा मिनिटांत बुडालं. जहाजावर १,१९५ माणसं होती. तीनशेच्या आसपास जहाजाबरोबर गेली, बाकीची पाण्यात पडली. लेतेला जहाज पोचलं नाही याची दखल कुणी घेतली नाही. चौथ्या दिवशी सुटका सुरू झाली तेव्हा जिवंत निघाले ३१६.

पाण्यातल्या त्या दिवसांबद्दल वाचलेले लोक बरीच वर्षं घरातसुद्धा बोलले नाहीत. शार्कविषयी जगाला फार कुतूहल. १९७५च्या ‘जॉज’ सिनेमामुळे ते आणखी वाढलं. पण माणसं मेली ती मुख्यतः जखमांनी, तहानेने, उन्हाने आणि खारं पाणी पिऊन आलेल्या भ्रमाने. जहाज खालीच आहे, तिथे गोडं पाणी मिळतंय, असं वाटून काही जण बुडी मारत. कुणी आपल्याच सोबत्याला शत्रू समजून त्याच्यावर धावून जाई. कॅथलिक धर्मगुरू टॉमस कॉनवे एका टोळक्यातून दुसऱ्या टोळक्यात पोहत जाऊन मरणाऱ्यांसाठी प्रार्थना करत राहिले. थकून गेले आणि तेही मेले. प्रार्थनेने कोण तरतं हे पाहायचंच असेल, तर सगळ्यात जास्त प्रार्थना करणारा माणूस तरला नाही, ही नोंद आधी करायला हवी.

आणि तारलं कशाने? बिघडलेल्या अँटेनाने. वैमानिक विल्बर ग्विन विमानाच्या मागे सोडलेल्या अँटेनाची तार काय झाली ते बघायला गेला, खाली वाकला, आणि त्याला समुद्रावर तेलाचा तवंग दिसला. शत्रूची पाणबुडी असावी म्हणून तो हल्ल्याच्या तयारीने खाली उतरला, तेव्हा तवंगात माणसांची डोकी दिसली. श्रद्धाळू माणूस म्हणेल, तार देवानेच बिघडवली. बिघडवली असेल. पण मग ती दोन दिवस आधी का बिघडवली नाही, एवढं विचारायचा हक्क पाण्यातल्या प्रत्येकाला आहे.

खरा पेच याच्याही पुढचा आहे. जहाज बॉम्ब पोचवून झाल्यावर बुडालं, आधी नाही. यात दैवी योजना पाहणारे होते आणि आहेत. त्या बॉम्बने युद्ध संपलं, म्हणून देवाने २६ तारखेपर्यंत जहाज सांभाळलं, असा तो हिशोब. हा हिशोब मांडणाऱ्याने हिरोशिमाची बाजूही त्यात धरावी. त्या वर्षाअखेर तिथे अंदाजे १,४०,००० माणसं मेली. एका काठावर ज्याला कृपा म्हणायचं, त्याला दुसऱ्या काठावर काय म्हणायचं? आणि काम झाल्यावर खलाशांना शार्कच्या तोंडी सोडून देणारा देव कुठल्या देवळात बसवायचा?

घरच्यांना बातमी कधी कळली, तेही ऐकण्यासारखं आहे. जहाज बुडाल्याची घोषणा जपानच्या शरणागतीच्या बातमीबरोबरच झाली. गल्लीत लोक नाचत होते आणि काही दारांत तारवाला उभा होता.

आपल्या परंपरेत यावरचं तयार उत्तर म्हणजे प्रारब्ध. ज्याचं त्याचं संचित, ज्याची त्याची घटका. हे उत्तर हिशोबाला चोख आहे, म्हणूनच निर्दय आहे. ८७९ माणसांनी एकाच आठवड्यात भोगण्याजोगं पाप मागच्या जन्मी करून ठेवलं होतं, असं म्हणायला जीभ रेटत नाही. रेटली तर तो बुडालेल्यांवरचा आरोप होतो. महाभारताने हा सोपा रस्ता घेतलेला नाही, हे त्या ग्रंथाचं मोठेपण. अठरा दिवसांच्या युद्धातून दहा मोठे योद्धे उरले, पांडवांकडचे सात आणि कौरवांकडचे तीन. पांडवांना तर साक्षात कृष्णाने तारलं होतं. पण स्त्रीपर्वात गांधारी त्याच कृष्णाला उभं करून विचारते, तुझ्या हातात असताना तू हे थांबवलं का नाहीस? आणि शाप देते. कृष्ण तो शाप मान्य करतो. डायगोरसला देवळात न दिसलेली चित्रं इथे एक आई रणांगणावर, एकेका प्रेताकडे बोट करत दाखवते.

वाचलेल्या युधिष्ठिराची अवस्था त्याहून वाईट. गंगेकाठी मेलेल्यांना पाणी देताना कुंती सांगते, कर्णालाही दे, तो तुझा थोरला भाऊ होता. युद्धानंतर घरची बातमी कळावी ती अशी! शांतिपर्वाची सुरुवातच या माणसाच्या राज्य नको म्हणण्याने होते. त्याची समजूत काढायला व्यास, नारद, कृष्ण, भाऊ, द्रौपदी असे सगळे लागतात. शेवटी शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे जावं लागतं. देवाने वाचवलं म्हणून आनंदात राहा, एवढ्याने त्याचं भागत नाही.

इंडियानापोलिसचा कप्तान चार्ल्स मॅकव्हे वाचला. पाणबुड्यांची खबर त्याला पूर्ण दिली नव्हती, संरक्षक नौका मागूनही मिळाली नव्हती. तरी डिसेंबर १९४५मध्ये त्याचं कोर्ट मार्शल झालं आणि जहाज नागमोडी न चालवल्याबद्दल तो दोषी ठरला. त्या युद्धात अमेरिकेने शेकडो जहाजं गमावली, पण शत्रूच्या हल्ल्यात जहाज गेलं म्हणून असा खटला एकट्या त्याच्यावर चालला. शिक्षा माफ झाली, बढतीही मिळाली. पत्रं मात्र थांबली नाहीत. मेलेल्या मुलांचे आईबाप नाताळ आला की त्याला लिहीत, आमचा मुलगा तू मारलास. १९६८मध्ये त्याने स्वतःला गोळी घातली.

इथे भारतीय नौदलाच्या ‘खुकरी’ या युद्धनौकेची आठवण टाळता येत नाही. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने ती बुडवली; १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते जहाजाबरोबर गेले, असं वाचलेल्यांनी सांगितलं. मुल्लांच्या धैर्यापुढे मान झुकतेच, त्यांना महावीरचक्र मिळालं ते योग्यच. पण अशा गौरवाची एक गडद बाजू असते. बुडणारा कप्तान आपल्याला कळतो. जगणाऱ्या कप्तानाचं काय करायचं ते समाजाला कळत नाही. मॅकव्हेचा गुन्हा नागमोडीचा कमी आणि जगल्याचा जास्त होता. ‘खुकरी’तून वाचलेल्या ६७ जणांनाही कुणी ना कुणी, मनात का होईना, तू कसा वाचलास, असं विचारलंच असणार.

मॅकव्हेची बाजू घेतली ती त्याच्याच खलाशांनी. १९६० साली पहिलं संमेलन भरवून त्यांनी कप्तानाला मानाने बोलावलं. पुढच्या संमेलनांना मेलेल्यांची भावंडं, मुलं येऊ लागली. आमचा माणूस शेवटी कुणाबरोबर होता, हे विचारायला. म्हातारे जमेल तेवढं सांगत. देवाने मला का वाचवलं याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, पण कोण कुठे, कसा गेला हे काही वेळा होतं, आणि माझ्या मते नातेवाईकांच्या दृष्टीने तेच जास्त मोलाचं. ‘जॉज’ पाहून शाळेचा प्रकल्प करायला निघालेला फ्लोरिडातला हंटर स्कॉट हा मुलगा त्यांना भेटला, आणि नव्वदीच्या दशकात प्रकरण अमेरिकी संसदेपर्यंत गेलं.

तिथे सगळ्यात अनपेक्षित साक्ष आली ती जपानमधून. आय-५८चा कप्तान मोचित्सुरा हाशिमोतो १९४५च्या खटल्यातच सांगून गेला होता की जहाज नागमोडी चाललं असतं तरी त्याचा नेम चुकला नसता. पुढे तो क्योतोत शिंतो पुजारी झाला. १९९०मध्ये पर्ल हार्बरला तो आपल्याच टॉर्पेडोतून वाचलेल्यांना भेटला. नोव्हेंबर १९९९मध्ये त्याने सिनेटर जॉन वॉर्नर यांना पत्र लिहिलं: आपल्या दोन देशांनी एकमेकांना क्षमा केली आहे, आता तुम्ही तुमच्या कप्तानालाही करावी. पुजाऱ्याच्या या पत्रात ईश्वरेच्छा कुठेच नाही. सगळी जबाबदारी माणसांवर टाकलेली आहे. २५ ऑक्टोबर २००० रोजी हाशिमोतो वारला. पाच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी मॅकव्हेला निर्दोष म्हणणाऱ्या ठरावाच्या कायद्यावर सही केली, आणि २००१च्या जुलैमध्ये नौदलाने त्याच्या सेवानोंदीत तशी दुरुस्ती केली. तोवर मॅकव्हेला जाऊन ३२ वर्षं झाली होती.