जे पटत नाही त्याचा अनुवाद

तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं तरंगंबाडी अर्ध्या दिवसात पाहून होतं. गावात शिरतानाची कमान, किंग स्ट्रीट, १६२० साली डॅनिश लोकांनी उभारायला घेतलेला डान्सबोर्ग किल्ला आणि पुढचा भाग समुद्रानं गिळलेलं मासिलामणी नाथाचं देऊळ. मी मात्र न्यू जेरुसलेम चर्चमध्ये रेंगाळले. बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्गचं दफन तिथे झालं आहे.

हा जर्मन मिशनरी १७०६ साली इथे उतरला, तो लोकांचा धर्म बदलायला. शाळेतल्या मुलांशेजारी बसून, वाळूत बोटानं अक्षरं गिरवत तो तमिळ शिकला. १७१५पर्यंत त्याचा तमिळ ‘नवा करार’ इथेच छापून झाला. ते तर त्याचं कामच होतं. मला विचारात पाडतं ते दुसरं काम. त्यानं तमिळ नीतिग्रंथ जर्मनमध्ये नेले. १७१३ साली दक्षिणेतल्या देवदेवतांवर अख्खं पुस्तक लिहिलं. जे देव त्याला खोटे वाटत, त्यांची नावं, रूपं, पूजा त्यानं इथल्याच लोकांना विचारून टिपली. ते पुस्तक छापलं गेलं थेट १८६७ साली.

तो तटस्थ नव्हता. समजून घ्यायचं ते खोडून काढण्यासाठी, हा त्याचा हेतू उघड होता. तरीही समोरच्याचं म्हणणं त्यानं आधी पूर्ण लिहून घेतलं.

मी काय केलं? काही वर्षांपूर्वी एका कादंबरीतल्या म्हाताऱ्याच्या तोंडची जातीयवादी वाक्यं मराठीत आणताना मी सौम्य केली. वाचक दुखावू नयेत म्हणून, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मराठीत येताच त्या वाक्यांना माझ्या आजोबांचा आवाज फुटत होता. कुणाच्या लक्षात आलं नाही. लेखिकेनं तर मनापासून आभार मानले.

चांगल्या हेतूनं केलेली लबाडी आणि न पटणाऱ्या हेतूनं पाळलेला प्रामाणिकपणा, यांत अनुवादकानं कशाच्या बाजूनं उभं राहावं? हेतू गौण आहेत असं मी म्हणणार नाही. ज्यांचे देव खोटे ठरवले गेले, त्यांना तो विचारावाच लागतो. पण हेतू अनुवादकाबरोबर जातो. पानावर उरतात ते शब्द, आणि पुढचा वाचक त्यांच्यावरच विसंबतो. माझ्या पानावर त्याला एक खोटा, सुसह्य म्हातारा भेटला.

आता दुसरी आवृत्ती निघते आहे. ती वाक्यं मी मूळच्या धारेनं पुन्हा लिहिली आणि लेखिकेला सगळं कळवलं. तिचं उत्तर अजून यायचं आहे.