घरात आणलेला जीव

मुक्या प्राण्यावर दया करायची म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न आम्हांला या वयात एका माशाने घातला.

आमच्या नातवाने दिमोनाच्या घरी ऑस्कर मासा आणला, तेव्हा तो बोटाएवढा होता. हा दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, सिक्लिड कुळातला. वाढून फूटभर होतो, आणि नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षे जगतो. खाणे पुष्कळ, घाणही पुष्कळ. तिच्यातून पाण्यात अमोनिया साठतो आणि राहते पाणीच त्याला विष होते. आमच्या दोन फुटी पेटीत त्याला धड वळताही येईना.

नातू म्हणाला, "आजोबा, यार्देन नदीत सोडून देऊ. मोकळा होईल." आम्हीही शाबासकी दिली. बंदिवानाची सुटका करण्याहून मोठे पुण्य कोणते?

रात्री चिलापी आठवली. ऑस्करच्याच कुळातला हा आफ्रिकेतील मासा लोकांना स्वस्त मासळी मिळावी म्हणून १९५२ साली भारतात आणला. हेतू चांगलाच होता. पण तो तळ्यांतून नद्यांत शिरला, आणि महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी मूळच्या माशांना भारी झाला. यार्देनच्या वाटेवरील किन्नेरेत सरोवरातही याच कुळातला अमनून आहे. नर-मादी दोघेही अंडी-पिल्ले तोंडात धरून राखतात. आमचा ऑस्कर तिथल्या थंडीत मेला असता, किंवा जगला असता तर त्यांची पिल्ले खाल्ली असती. आपला भार दुसऱ्यावर टाकून वर त्याला पुण्य म्हणायचे!

आधी जनावराला चारावे, मग आपण जेवावे, ही आपल्या धर्माची शिकवण आम्ही जन्मभर मुलांना सांगितली. पण चारणे म्हणजे चिमूटभर दाणे टाकणे, एवढाच अर्थ घेतला होता. जागा, स्वच्छ पाणी आणि त्याचे उरलेले सारे आयुष्य, हेही त्यात येते.

शेवटी बैठकीतला सोफा काढून दीड मीटर लांबीची, ३७५ लिटरांची पेटी ठेवली. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलतो. बादल्या नातू उचलतो. पाहुणे हसतात. तरी पेटी ती पेटीच, तिची नदी होत नाही, हे आम्ही नातवाला स्पष्ट सांगितले आहे. हा मासा आणायलाच नको होता. पण आणला, तेव्हा तो आपला झाला.

म्हणून दुकानात लहानगा मासा आवडला, तर आधी एवढेच विचारावे: हा केवढा होणार? मगच खिशात हात घालावा.