रफला मराठीत काय म्हणावं?

फुलपाखरांवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना मी 'रफ' या शब्दापाशी अडले. गोल्फच्या मैदानात काटेकोर कापलेल्या हिरवळीच्या कडेला गवत वाढू दिलेलं असतं, तो रफ. त्याला 'पडीक' म्हणावं, तर पडीक जमीन सोडून दिलेली असते, ही राखलेली. 'गायरान' म्हणावं, तर गायरानावर गावाचा हक्क असतो. इथं क्लबची मर्जी.

अमेरिकेत 2018 साली ऑड्युबॉन इंटरनॅशनल आणि एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड यांनी 'मोनार्क्स इन द रफ' हा उपक्रम सुरू केला. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या मिल्कवीडच्या पानांवरच जगतात. तणनाशकांमुळे शेतांतून ही झाडं नाहीशी होत गेली. म्हणून क्लबांना बियाणं पुरवायचं आणि खेळाच्या आड न येणाऱ्या कोपऱ्यांत ते रुजवायचं.

माझा पहिला विचार तिरकसच होता. एका खेळासाठी एवढी जमीन, एवढं पाणी, आणि कडेचा तुकडा सोडून पुण्य पदरात! पण अळीला दात्याचा हेतू कळत नाही, तिला पान लागतं. मग हेतूची उठाठेव कशाला? पुढच्या हंगामासाठी. नावलौकिकासाठी राखलेला कोपरा लौकिकाची गरज संपली की कापता येतो. सवलत आणि हक्क यांत फरक आहे तो एवढाच, पण अळीच्या दृष्टीनं तेवढाच जगण्यामरण्याचा.

मिल्कवीडच्या नावातच तण आहे. आपली रुई तिच्याच कुळातली. मोनार्कचं भाऊबंद प्लेन टायगर रुईवर अंडी घालतं. बडोद्यात आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत रुई होती. माळीकाका तिला आकडो म्हणत, शनिवारी मारुतीला तिची पानं नेत. दोन वर्षांपूर्वी साफसफाईच्या अर्जावर इतरांबरोबर मीही सही केली. रुई गेली. क्लबवाल्यांनी निदान एक कोपरा सोडला होता. मी तर गोल्फही खेळत नव्हते.

अनुवादात मी 'रफ' तसाच ठेवला. रुई मात्र यंदा बुंध्यातून पुन्हा फुटली. सोसायटीला पत्र लिहायला बसले, 'यंदा कापू नका' असं लिहिलं आणि थांबले. ही पुन्हा सवलतच. ते खोडून लिहिलं, 'कुंपणालगतची ही पट्टी रुईची आहे, तशी वार्षिक सभेत नोंद व्हावी.' खाली सही केली. उत्तर अजून आलेलं नाही.