तिसऱ्या वर्षाची शर्यत

एप्समची डर्बी घोड्याच्या आयुष्यात एकदाच येते. ती फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी आहे. त्या जूनमध्ये खोकला झाला, पाय दुखावला किंवा जॉकीची चाल चुकली, तर विषय संपला. पुढच्या वर्षी घोडा कितीही तयारीत असला तरी त्याला प्रवेश नाही. सव्वादोनशेहून अधिक वर्षं या शर्यतीला जो मान मिळत आला, त्याचं मूळ मला बक्षिसाच्या रकमेपेक्षा या कठोर अटीत दिसतं.

या अटीवर एकदा घालाही पडला. १८४४ साली रनिंग रेन नावाचा घोडा पहिला आला, पण तो प्रत्यक्षात मॅकाबियस नावाचा चार वर्षांचा घोडा होता. त्या वयात एका वर्षाचा फरक म्हणजे हाडापेराचा आणि ताकदीचा फरक. प्रकरण कोर्टात गेलं. घोड्याचं वय दातांवरून कळतं, म्हणून न्यायाधीशांनी घोडाच हजर करायला सांगितलं. तोवर घोडा गायब झाला होता. दावा तिथेच कोसळला आणि विजय दुसऱ्या आलेल्या ऑरलँडोला मिळाला.

मैदानही तितकंच कठोर. अंतर दीड मैल. सुरुवातीलाच दमछाक करणारा चढ, मग टॅटनहॅम कॉर्नरच्या डाव्या वळणाकडे झपाट्याने उतरणारी वाट. वळणातून बाहेर पडल्यावरही जमीन आतल्या कठड्याकडे कललेली असते, त्यामुळे थकलेला घोडा आपसूक तिकडे ओढला जातो. नुसता वेग इथे पुरत नाही. १९४७ साली ट्यूडर मिन्स्ट्रेल एक मैलाची टू थाउजंड गिनीज आठ लांबींनी जिंकून आला होता. इथे तो चौथा आला.

त्याच्या पुढे, तिसऱ्या क्रमांकावर, जो घोडा होता त्याचं नाव होतं सयाजीराव. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांनी तो वर्षाचा असताना २८,००० गिनींना विकत घेतला होता. त्याचा सख्खा भाऊ दांते १९४५ची डर्बी जिंकलेला, त्यामुळे एवढी किंमत का मोजली हे समजतं. पण रक्त तेच असूनही डर्बी हुकली ती कायमची.

तरीही त्या एका दुपारचा निकाल अंतिम मानायला मी तयार नाही. १७८०ची पहिली डर्बी जिंकणारा डायोमेड पुढे इंग्लंडमध्ये पैदाशीसाठी निकामी ठरवला गेला. एकविसाव्या वर्षी अवघ्या ५० गिनींना विकला जाऊन तो व्हर्जिनियाला गेला आणि तिथे अमेरिकेतल्या एका थोर घोडवंशाचा मूळपुरुष झाला. आणि सयाजीराव? त्याच वर्षी त्याने आयरिश डर्बी जिंकली, आणि सप्टेंबरमध्ये डॉनकास्टरला, डर्बीपेक्षाही जुनी आणि लांब पल्ल्याची सेंट लेजर जिंकली.